घरगुती नियमांची चिकित्सक आवृत्ती : प्रस्तावना

बदाम सातच्या डावात हातात लावता येईल असा पत्ता असताना ‘पास’ म्हणता येतं का, या प्रश्नाची मराठी विद्वानांनी जी उपेक्षा केली आहे तिला तोड नाही. ओव्यांच्या पाठभेदांवर पिढ्या खर्ची पडल्या, मोडीतल्या एकेका फराट्यावरून परिसंवाद झडले. पण किलवरची छक्की दाबून बसणाऱ्या माणसाचं शास्त्रदृष्ट्या काय करायचं, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

प्रथम व्याख्या. खेळरात्र म्हणजे चार ते सात प्रौढ मित्रमैत्रिणींनी आठला भेटायचं ठरवून साडेनऊला, ज्याचे आईवडील गावाला गेले आहेत अशाच्या घरी जमणं. पत्ते, कॅरम, व्यापार, ऊनो यांपैकी जे सापडेल ते मांडणं. मागे गाणी चालू ठेवणं. आणि साडेबारानंतर कोणाच्यातच त्राण उरलं नाही की एखादा ॲनिमेशनपट लावणं. फरसाण हे खेळरात्रीचं लक्षण मानायचं की नुसतं उपलक्षण, याबद्दल मतभेद आहेत. पत्त्यांना तेलकट बोटं लागू नयेत म्हणून एक पक्ष चिवडा चमच्याने खातो. त्या पक्षाशी प्रस्तुत लेखकाचं बोलणं नाही.

पूर्वपक्ष असा : माणसं खेळण्यासाठी जमतात. वरवर पाहता हे खरं वाटतं. परंतु बदाम सातचा एक डाव फार तर पंधरा मिनिटांत आटोपतो आणि त्यावरचा वाद चहाच्या दोन फेऱ्या पुरतो. ज्यावर जास्त वेळ जातो तेच मुख्य आणि बाकीचं निमित्त, हा न्याय मान्य केला, तर सिद्धांत सरळ आहे. माणसं नियमांवरून भांडायला जमतात, खेळ मध्ये अडचण म्हणून असतो.

प्रत्यक्ष प्रमाण पाहू. किलवरची सत्ती लागलेली आहे. कोल्हापूरकराच्या हातात किलवरची पंजी, चव्वी, तिर्री आणि दुर्री अशी आख्खी वरात खोळंबून उभी आहे, कारण छक्की कोणी लावत नाही. नागपूरकर मैत्रीण दुसरं काही लावता आलं नाही की शांतपणे ‘पास’ म्हणते आणि शेवेचे दाणे वेचते. शेवटी तिच्या हातात दोनच पत्ते उरतात. त्यांतली छक्की ती हलकेच मांडते, बोटाने सरळ करते.

‘तुझ्याकडं होती?’

‘होती ना. मग?’

‘अगं, मग पास कशी म्हणालीस? आमच्यात असलं चालत न्हाई!’

‘आमच्याकडे चालतं बे.’

यातलं ‘आमच्यात’ आणि ‘आमच्याकडे’ फार महत्त्वाचं आहे. दोघांपैकी एकानेही तर्काचा आधार घेतलेला नाही. दोघांनी परंपरेचा घेतला आहे. त्याची आजी तसं खेळवायची, हिची मावशी असं. दोन्ही परंपरा मौखिक, दोन्ही अखंड, आणि दोघींचेही ग्रंथ अनुपलब्ध.

अशा गोंधळातून वाट काढणारी एक थोर पद्धत आपल्याकडे आहे आणि ती पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, ते १९६६ साली पुरं झालं. बाराशेवर हस्तलिखितं पाहिली गेली. श्लोक न् श्लोक ताडून जो पाठ सर्वांत जुना ठरला तो वर, बाकीचे सगळे खाली बारीक टाइपात. १९२५पासून या कामाची धुरा वाहणाऱ्या वि. स. सुखटणकरांनी पोथ्यांच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अशा दोन मोठ्या शाखा लावून दाखवल्या, आणि आदिपर्वापुरता काश्मीरच्या शारदा लिपीतल्या परंपरेला विशेष मान दिला. तिचा पाठ सर्वांत आटोपशीर होता. पोथीत भर घालणारे ढिगाने असतात, गाळणारा विरळा.

हीच पद्धत घरगुती नियमांना लावून पाहावी, असा प्रस्तुत प्रकल्प आहे.

कॅरमपुरतं शाखांचं चित्र बरंच स्वच्छ दिसतं. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, राणी घेतली की पाठोपाठ आपली सोंगटी घालून ती कव्हर करायची, हा स्पर्धांतला आटोपशीर पाठ. ही आपली शारदा परंपरा. काळीला दहा, पांढरीला वीस आणि राणीला पन्नास हा चाळीच्या गॅलरीतला पाठ, आणि त्यात भर पडतच राहते : अंगठा चालणार नाही, कोपर आत आलं की फाउल, लहान भावाला दोनदा मारायला मिळेल, पावडर संपली की ज्याने शेवटची टाकली त्याने वाण्याकडे जायचं. शेवटचा नियम प्रक्षिप्त आहे हे कोणीही ओळखील. तो पहिल्यांदा सांगितला गेला तेव्हा सांगणारा जिंकत होता.

इथूनच संपादनाचं पहिलं सूत्र हाती लागतं. पाठचिकित्सेत अवघड पाठ मूळचा मानायची प्रथा आहे, कारण नकलकार अवघड जागा सोपी करतो, सोपी जागा मुद्दाम अवघड करत नाही. खेळरात्रीत याचं रूप असं होतं : जो नियम यजमानाच्या गैरसोयीचा तो प्राचीन, जो सोयीचा तो त्याच संध्याकाळचा.

दुसरं सूत्र जरा कटू आहे. जो भाग लोकांना सर्वांत प्रिय, तोच बहुधा मागाहून घातलेला असतो. मोनॉपोलीचं उदाहरण घ्या, आपल्या व्यापारचा हा विलायती पूर्वज. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी जमीनदारीचे दुष्परिणाम लोकांना कळावेत म्हणून एक खेळ रचला आणि १९०४ साली त्याचं पेटंट मिळवलं. पुढे १९३५मध्ये पार्कर ब्रदर्सने तो खेळ मोनॉपोली म्हणून बाजारात आणला, आणि ज्या हावेविरुद्ध तो रचला तिचीच घरोघर तालीम सुरू झाली. मूळ संहितेतल्या गंभीर टीकेला भाष्यकारांनी उलटं टांगल्याचं याहून ठळक उदाहरण वेदान्तातही सापडणार नाही. पण आपला मुद्दा वेगळा. या खेळाच्या छापील नियमांत ‘फ्री पार्किंग’च्या घरावर काहीही मिळत नाही. दंडाचे सगळे पैसे पटाच्या मध्ये साठवायचे आणि तिथे येणाऱ्याने ते उचलायचे, ही जगभर लाडकी असलेली प्रथा छापील नियमांत कुठेच नाही. उलट, एखाद्याने जागा विकत घ्यायचं नाकारलं तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करावा, हा नियम छापलेला आहे, आणि तो पाळणारं घर अजून आमच्या पाहणीत आलेलं नाही.

महाभारतातही हेच झालं. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केलं, आणि द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा, घराघरांत सांगितला जाणारा भाग मुख्य संहितेतून खाली बारीक टाइपात गेला.

सभापर्वाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबायला हवं, कारण नियमांच्या वादाचा सर्वांत जुना सविस्तर अहवाल तिथेच आहे. डाव मांडतानाच युधिष्ठिराने हरकत घेतली होती : पण लावणार दुर्योधन आणि त्याच्या वतीने फासे टाकणार शकुनी, हे कुठलं रीतीला धरून? हरकत नोंदवली आणि खेळायला बसला. खेळरात्रीला आलेल्या प्रत्येकाने हे केलेलं आहे. ‘मी फोनवर आहे, माझा डाव तू खेळ’ म्हणणारा आणि त्याच्या जागी बसून दणादण जिंकणारा, दोघेही या परंपरेचे पाईक. पुढे द्रौपदीने विचारलेला प्रश्न तर शुद्ध नियमाचा आहे. धर्मराज आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का? भरल्या सभेत भीष्मांनाही याचं सरळ उत्तर देता आलं नाही. त्या सभेत जे घडलं तो थट्टेचा विषय नव्हे. पण एवढं सगळं होऊन, हरलेलं सगळं परत मिळून, वाटेला लागलेली मंडळी ‘आणखी एक डाव’ या निरोपावर मागे फिरतात, हे वाचताना आमच्यातला ठाणेकर मान खाली घालतो. शेवटची लोकल त्याची अशीच चुकते.

वरील बहुतेक ग्रंथ एका अर्थी कर्तृत्वाच्या धुक्यात आहेत. ऊनोचं तसं नाही. ऊनोचा कर्ता माहीत आहे : अमेरिकेतल्या ओहायोत रीडिंग गावचा न्हावी, मर्ल रॉबिन्स. सांगतात ते असं की पत्त्यांच्या एका खेळाच्या नियमावरून बापलेकात वाद झाला आणि त्यातून १९७१ साली हा नवा खेळ जन्मला. म्हणजे नियमाचा वाद मिटवायला आख्खी नवी संहिता रचली गेली! आणि मग काय व्हायचं ते झालं. ‘चार उचल’वर आपली ‘दोन उचल’ टाकून पुढच्याच्या गळ्यात सहा पत्ते मारायची पद्धत जगभर रुळली. २०१९ साली खेळाच्या मालकांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं की हे नियमात बसत नाही. चार उचला आणि गप्प बसा. मूळपीठाकडून इतका स्पष्ट निर्वाळा दुसऱ्या कुठल्या शास्त्राला मिळाला नसेल. आमच्या मंडळापुढे तो मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. क्षणभर शांतता पसरली. मग कोल्हापूरकर म्हणाला, ‘त्यांस्नी काय कळतंय?’ आणि सहा पत्ते वाटले गेले.

संगीताचं प्रकरण स्वतंत्र खंडाचं आहे, इथे दिशा तेवढी दाखवतो. मागे लावायच्या गाण्यांबाबत ‘ज्याचं घर त्याचं गाणं’ हा नियम सर्व शाखांत आढळतो आणि कोणत्याही शाखेत पाळला जात नाही. गाण्याच्या भेंड्यांमध्ये मुखडाच हवा की अंतऱ्यापासून सुरुवात चालेल, हा मुख्य वाद. हिंदी गाण्यांच्या ओळी उठल्यासुटल्या ‘है’वर संपतात, त्यामुळे ‘ह’ची गाणी लवकर खलास होतात आणि कसलेला भिडू ती जपून ठेवतो, हे एका परीने छक्की दाबणंच, पण त्याला कोणी नावं ठेवत नाही. ‘ळ’ आला तर ‘ल’ धरायचा, यावर मात्र सर्वांचं एकमत आहे. भेंडी चढलेल्या पक्षाने ‘गाणं ओठांवर आहे’ असं सांगून मुदत मागितल्यास ती द्यावी, पण तेवढ्यात मोबाइलला हात लागला तर दुप्पट भेंडी.

ॲनिमेशनपटांबाबत दोनच नोंदी. सात जणांच्या सात आवडी असताना ॲनिमेशनपटावर तडजोड होते, याचं कारण तो कोणाचीच पहिली पसंती नसतो. दुसरी नोंद क्रमाविषयी. मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि ताकाहातांचा युद्धातल्या अनाथ भावंडांवरचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हे दोन्ही चित्रपट जपानात १९८८ साली जोडीने प्रदर्शित झाले, एका बैठकीत दोन. आधी कोणता पाहायचा यावर आमच्यात उभे दोन तट आहेत. गोड आधी म्हणणाऱ्यांना रात्री झोप लागत नाही; गोड शेवटी म्हणणारे टोटोरोच्या आनंदी प्रसंगातही डोळे पुसत बसतात आणि सर्दी झाल्याचं सांगतात. ‘कार्टून बघून कोण रडतं’ असं ज्याने आधी जाहीर केलं असेल, त्याच्याकडे त्या वेळी बघायचं नाही, हा नियम कोणी सांगितलेला नाही, तरी सगळे पाळतात. संपादकांनी तो अपौरुषेय मानला आहे.

आता प्रकल्पाची सद्यःस्थिती. पहिला खंड बदाम सातचा. सामग्री म्हणून आज्या, मावश्या, वसतिगृहातले जुने सोबती आणि एक निवृत्त तिकीट तपासनीस यांचे पाठ नोंदवून झाले आहेत. ‘पास’च्या प्रश्नावर पाठ इतके विभागले गेले आहेत की मुख्य संहितेत ती जागा तूर्त कोरी सोडावी लागली. सगळ्या परंपरांमध्ये जसाच्या तसा मिळणारा, एकही पाठभेद नसलेला असा एकच नियम सापडला : हरेल त्याने पिसायचे. निदान एवढा तरी वर, मोठ्या टाइपात छापायला हरकत नाही असं ठरवून मंडळी उठणार, तोच नागपूरकर मैत्रीण चपला घालता घालता म्हणाली, ‘पिसतो हरलेला. पण वाटतो त्याच्या उजवीकडचा.’

कोल्हापूरकराने काढलेली चप्पल पुन्हा कोपऱ्यात गेली. चहा टाकला आहे.