पाळण्याचे सुपरवायझर

पहाटेचे पावणेसहा. पिंपरीच्या संत तुकारामनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात फर्स्ट शिफ्ट सुरू झालेली असते. खिशाला पेन लावलेले आजोबा पाळण्याभोवती एक चक्कर मारतात, वाकून नातीचा श्वास बघतात आणि पुटपुटतात, "ओके."

हे आजोबा तुमच्या ओळखीचे आहेत. मोरवाडी, नेहरूनगर, मासुळकर कॉलनी, कुठेही गेलात तरी इमारतीमागे एक सापडतो. कोणी टेल्कोतून निवृत्त, कोणी बजाजमधून, कोणी एचएतून. उभा जन्म क्वालिटीत गेलेला. निवृत्तीनंतर काही दिवस त्यांनी भाजीवाल्याचा काटा तपासला, लिफ्टचा आवाज तपासला. सोसायटी कंटाळली. तेवढ्यात नात झाली आणि आजोबांना पुन्हा ड्यूटी लागली.

पहिलं इन्स्पेक्शन बारशालाच झालं. पाळण्यात काय नव्हतं? आत्याने शगुन चौकातून आणलेला मच्छरदाणीचा गादी-सेट, त्यातले दोन लोड, आजीची मोहरीची उशी, मामाने दिलेलं बाळापेक्षा दांडगं अस्वल, पणजीच्या लुगड्यांची गोधडी. एवढं सगळं मावून थोडी जागा उरली होती, तिथे बाळ होतं. डोक्याला कुंची, गळ्यात काळा दोरा.

"फाइव्ह एसमधला पहिला एस कोणता?" आजोबांनी पाहुण्यांना विचारलं. पाहुणे पेढा चघळत राहिले.

"सेइरी! नको ते काढा."

आणि काढायला सुरुवात झाली. लोड: रिजेक्ट. उशी: रिजेक्ट. अस्वल: रिजेक्ट, आणि शोकेसमध्ये बदली. कुंची उतरली, कारण घरात झोपताना डोकं झाकलं की बाळाच्या अंगातली उष्णता कोंडते. काळ्या दोऱ्यावरून आजीशी वाटाघाटी झाल्या आणि तो गळ्यातून पायात आला. दृष्टीचं काम तिथूनही होतं. गोधडीपाशी मात्र आजोबांचा हात थबकला. ती त्यांच्या आईने शिवलेली होती. मग तिचीही घडी होऊन ती खुर्चीवर गेली. उरली टणक सपाट गादी, ताणून बसवलेली चादर आणि त्यावर उताणी नात.

"लेकरू कसं उघडंबोडकं दिसतंय!" आत्याने डोळ्याला पदर लावला.

"उशीशिवाय डोकं गोल कसं व्हायचं?" आजी.

"जागी असेल तेव्हा पालथी घाल आणि समोर बस. झोपली की उताणीच."

"आणि दूध वर आलं, घशात अडकलं तर?"

आजोबा याच प्रश्नाची वाट बघत होते. बारशाच्या पत्रिकेच्या पाठीवर त्यांनी दोन नळ्या काढल्या. "उताणं निजल्यावर श्वासनलिका वर, अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध चढ चढून श्वासनलिकेत कसं जाईल? पालथं घातलं की हीच लाइन उलटी होते." चित्राला मापंही दिली होती, ती कुठून आणली, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

हे ज्ञान सुनेच्या डॉक्टरांचं. डिस्चार्जच्या वेळी सून ऐकत होती, आजोबा डायरीत उतरवत होते. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं निजवा अशी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्मी झाली, हे ते कोणालाही सांगतात. प्रत्येक गोष्टीला 'रिजेक्शन' म्हणणारे आजोबा हा आकडा सांगताना तो शब्द वापरत नाहीत. आवाजही जरा उतरतो.

नियम फ्रिजवर लागले, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाच्या जुन्या बिल्ल्याशेजारी. पाळणा आईवडिलांच्या खोलीत, पण बिछाना वेगळा. घरात विडी-सिगारेट बंद, धुरीही बंद. मग एके दुपारी पुरणपोळी झाली. सून बाहेर येऊन बघते तो आजोबा सोफ्यावर घोरताहेत आणि नात त्यांच्या छातीवर पालथी. सुनेने बाळ अलगद उचलून पाळण्यात ठेवलं आणि आजोबांना हलवलं.

"बाबा, सोफ्याच्या फटीत ती घसरली असती तर?"

आजोबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी फ्रिजवर नवा कागद आला:

'नियर मिस. घटना: बाळ अंगावर असताना ऑपरेटरला सोफ्यावर झोप लागली. कारण: पोळ्या चार. उपाय: डोळा जड झाला की आधी बाळ पाळण्यात, मग ऑपरेटर आडवा.' खाली तारीख आणि पूर्ण सही.

आत्या परवा येऊन गेली. पाळणा अजून तसाच रिकामा बघून तिने सुस्कारा टाकला आणि खुर्चीवरची गोधडी उचलायला गेली. गोधडीला सुतळीने एक पिवळं कार्ड बांधलेलं होतं: 'होल्ड. बाळाला वर्ष पूर्ण झाल्यावर इश्यू करणे.'