तक्रार निकाली, ढीग जागेवर

आमच्या घरामागच्या ओढ्याच्या काठावर तीन महिन्यांपासून राडारोड्याचा ढीग पडून आहे. त्यात कुणाच्या तरी जुन्या स्वयंपाकघरातल्या आकाशी टाइल्स आहेत, फुटलेलं कमोड आहे, खिडकीची गंजकी चौकट आहे. आता त्यावर एरंड उगवलाय, गुडघ्याएवढा.

पहिली तक्रार मी ॲपवर फोटोसकट टाकली. चौथ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ सोबत काम झाल्याचा फोटो. फोटोत झाडून लख्ख केलेला रस्ता आणि कडेला मोठा कडुनिंब. आमच्या ओढ्यावर कडुनिंबाचं एकही झाड नाही. दुसरी तक्रार ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ झाली आणि वर्ग झाली म्हणून बंद झाली. तिसरीवर शेरा पडला, ‘जागा आमच्या हद्दीत येत नाही.’ तीन तक्रारी बंद झाल्या. ढिगातलं घमेलंभर मातेरंही हललं नाही.

हे चीड आणणारं आहे, आणि ते मी स्पष्ट लिहितो. ज्या खात्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच खात्याच्या हातात ती बंद करण्याचं बटण असता कामा नये. तक्रारदाराने ‘जागा साफ झाली’ असं कळवल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये, एवढा एक बदल करा. तोवर किती टक्के तक्रारी निकाली निघाल्या याचे आकडे आम्हाला सांगू नका.

हद्दीचं तर विचारूच नका. पात्रासाठी पाटबंधारे खात्याकडे जा, काठासाठी महापालिकेकडे, जमिनीसाठी तहसीलदाराकडे, पाण्याला वास येत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, गाडीसाठी आरटीओकडे. डंपर रिकामा व्हायला दहा मिनिटं लागतात. तो कुणाच्या हद्दीत रिकामा झाला, हे ठरवायला आमच्याकडे तीन महिने पुरलेले नाहीत.

राडारोडा बेवारस नसतो. बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम 2016 साली आले, तेव्हाच जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली गेली. दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टनांच्या वर कचरा निघणार असेल, तर काम सुरू करण्याआधी त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागेल, असं त्यात लिहिलेलं होतं. मग भोगवटा प्रमाणपत्र देताना राडारोडा कुठे नेला, किती खेपा झाल्या, त्याच्या पावत्या कुठे आहेत, हे विचारायला काय हरकत आहे? पाडलेल्या इमारतीचा पत्ता सरकारी कागदावर असतो. ढिगाचा माग काढायला गुप्तहेर लागत नाही.

25 जुलै 2024 ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी हे कारण होतंच. पण नदीपात्रात टाकलेल्या भरावामुळे पाण्याला जागा उरली नाही, हेही तिथल्या रहिवाशांनी पोटतिडकीने सांगितलं. पात्रात पडणारा प्रत्येक डंपर पुराचं पाणी कुणाच्या तरी उंबऱ्याकडे ढकलतो. त्याला नुसती ‘अस्वच्छता’ म्हणणं हा पूरग्रस्तांवर अन्याय आहे.

आणि हे झालं दगडमातीचं. रसायनाचा टँकर जीव घेतो. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एक टँकर नाल्यात रिकामा होत होता. निघालेल्या विषारी वायूने शेजारच्या गिरणीतले सहा कामगार गेले, वीसहून अधिक जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते रसायन आपल्या तळोज्याच्या एका कारखान्यातून निघालं होतं, असं तपासात पुढे आलं. घातक कचऱ्याच्या गाडीसोबत तो कुठून निघाला, कुठे चालला याचं पत्रक असावंच लागतं, असा नियम आहे. वाटेत ते कुणी तपासलं असतं, तर ती माणसं त्या दिवशी पाळी संपवून घरी गेली असती.

त्याच तळोज्यात 2017 च्या ऑगस्टमध्ये निळी पडलेली भटकी कुत्री जगभरच्या बातम्यांत झळकली. प्राणिमित्रांनी तक्रार केली, फोटो फिरले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंग सोडणारा कारखाना बंद केला. चांगलंच झालं. पण कासाडी नदीत मासळी उरली नाही म्हणून तिथले कोळी त्याआधीपासून ओरडत होते. त्यांचं म्हणणं ऐकायला कुत्री निळी व्हावी लागली.

प्रदूषणाच्या तक्रारीला वेळेचं महत्त्व फार. नाल्यात सोडलेलं रसायन शनिवारी रात्री वाहतं, जोराच्या पावसात तर हमखास. साहेब सोमवारी अकराला बाटली घेऊन येतात, तेव्हा पाणी नितळ असतं आणि अहवालात ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही’ असं येतं. रात्रीचं पथक नसेल, तर पाण्याचा नमुना घेण्याला काही अर्थ नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिने मला सगळ्यात जास्त त्रास दिला. आमच्या शेजारच्या काकांनी डंपरचा नंबर टिपून लेखी अर्ज दिला. सत्तरी ओलांडलेला माणूस. दोन दिवसांनी रात्री साडेदहाला त्यांच्या घरच्या फोनवर एकाने विचारलं, “काका, आमच्या गाडीचा नंबर तुम्हीच दिला ना?” अर्जावरचं नाव बाहेर गेलं कसं? त्या रात्रीपासून काकू त्यांना गॅलरीत उभं राहू देत नाहीत. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्या कर्मचाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे. त्याने पोटापाण्यासाठी डंपर चालवणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हा केलाय.

तरीही तक्रार सोडू नये, असं मी का म्हणतो? मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांमुळे. उघडी गटारं आणि दारूच्या कारखान्याचं सांडपाणी यांना कंटाळून ते दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून हात वर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं, की निधी नाही ही सबब चालणार नाही. ज्या कलमाखाली ते लोक गेले, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 होतं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 152 आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी त्याखाली देऊ शकतो. या कलमाखालचा अर्ज प्रांताकडे द्या. त्यापुढे पुण्यात हरित लवादाचं खंडपीठ आहे.

ॲपवर टाका, पण तिथे थांबू नका. ढिगाचा फोटो काढाल तेव्हा गाडीचा नंबर, तारीख आणि वेळही घ्या. गाडी अडवायला मात्र एकट्याने जाऊ नका. अर्ज कागदावर लिहा, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या, आणि महिन्याभरात हालचाल झाली नाही तर माहिती अधिकारात स्थळपाहणीचा अहवाल मागा. तो तीस दिवसांत द्यावा लागतो. एकाच नावाने अर्ज देऊ नका. दहा सह्या असल्या की रात्री कुणाला फोन करायचा, हे त्यांना ठरवता येत नाही.

गेल्या सोमवारी आमचा चौथा अर्ज गेला. खाली एकोणीस सह्या आहेत आणि पहिली सही काकांची आहे.