‘हा कुठला रे?’

सुपर व्हिसावर आलेले बाबा हा ब्रॅम्पटनच्या मराठी घरांतला एक स्वतंत्र प्रकार आहे. कॅनडाने हा व्हिसा २०११च्या डिसेंबरात सुरू केला, २०२२च्या जुलैपासून एका खेपेत सलग पाच वर्षं राहायची मुभा दिली, आणि येणाऱ्या आईवडिलांच्या नावे किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा हवा, ही अट कायम ठेवली. हा आकडा कानावर पडल्यापासून बाबा जिना उतरताना कठडा धरतात. पहिल्या महिन्यात नायगारा होतो, दुसऱ्यात सीएन टॉवर. तिसऱ्या महिन्यात बाबा तळघरातले खिळ्यांचे डबे आकारानुसार लावू लागतात, तेव्हा मुलाच्या लक्षात येतं की यांना कुठेतरी बाहेर न्यायला हवं. मग फुटबॉलच्या मॅचची तिकिटं निघतात. आणि मॅचहून परतल्यावर प्रत्येक मुलगा मित्रांना एकच तक्रार ऐकवतो : बाबांनी सगळं बघितलं, फक्त मॅच बघितली नाही. ही तक्रार मला मान्य नाही. माझं म्हणणं असं की त्या दोघांत मॅच बघणारे बाबाच असतात. मुलगा फार तर चेंडू बघत असतो.

आरोपीविरुद्धचा पुरावा भरपूर आहे, तो आधी मांडून टाकतो. तिकिटाच्या किमतीला साठने गुणल्याशिवाय बाबा घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, आणि गुणल्यावर तर टाकायलाच तयार नसतात. मॅच चारला असेल तर साडेबारापासून बूट घालून दाराशी बसतात. फाटकावर पिशवी उघडायला लावली की दशम्यांचा डबा कुठे आला आणि बॉम्ब कुठे, यावर सुरक्षारक्षकाशी मराठीत वाद घालतात. ओंटारिओ तलावावरून येणारा वारा टोरोंटोच्या बीएमओ फील्ड स्टेडियमच्या खुर्च्यांत थेट घुसतो, त्यामुळे संघाच्या लाल मफलरखाली त्यांची माकडटोपी असते, आणि टोपीच्या खिडकीतून प्रश्न येत राहतात. गवत खरं का? याला पाणी कोण घालतं? भरदिवसा दिवे कशाला? वीस मिनिटं झाली, अजून एकही गोल नाही, मग हे टाळ्या कशाच्या वाजवतायत? एवढं विचारून झालं की त्यांचा हुकमी प्रश्न येतो. पायात चेंडू असलेल्या प्रत्येक खेळाडूकडे बोट करून बाबा विचारतात, “हा कुठला रे?” मुलगा म्हणतो, “बाबा, कॅनडाचा.” बाबा म्हणतात, “ते मलाही दिसतंय. कॅनडात कुठला?”

इथे मुलगा गप्प होतो, आणि माझा खटला इथूनच सुरू होतो. हा मुलगा शनिवारी पहाटे गजर लावून इंग्लंडच्या लीगमधल्या मॅच बघतो. ज्या गावात त्याने कधी पाऊल ठेवलं नाही, तिथल्या क्लबला तो ‘आम्ही’ म्हणतो. पण आपण हप्ते भरतो त्या गावातून कोण खेळतो, हे त्याला ठाऊक नसतं. आता २७ मार्च २०२२ची मॅच घ्या. कॅनडाविरुद्ध जमैका, कडाक्याची थंडी, स्टेडियम गच्च. जिंकलं की थेट कतारच्या विश्वचषकात, तेही १९८६नंतर पहिल्यांदा. आणि १९८६ला मेक्सिकोत कॅनडा तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता परतला होता. तेराव्या मिनिटाला काइल लॅरिनने पहिला गोल केला, मध्यंतराच्या तोंडावर तेजॉन ब्युकॅननने दुसरा, शेवटच्या टप्प्यात ज्युनिअर हॉयलेटने तिसरा. चौथा जमैकाच्याच बचावपटूचा पाय लागून गेला. चार-शून्य. कॅनडाच्या खेळाडूंनी केलेले गोल तीन, आणि तिन्ही गोल करणारी पोरं ब्रॅम्पटनची! संघाचा कर्णधार अटिबा हचिन्सन, तोही ब्रॅम्पटनमध्येच जन्मलेला. लॅरिन आणि ब्युकॅनन दोघेही शेजारच्या मिसिसागातल्या सिग्मा क्लबात तयार झाले, म्हणजे आपल्या घरापासून किराणा आणायला जातो तेवढ्या अंतरावर. त्या दिवशी स्टेडियममध्ये जे जे बाबा असतील, त्यांचा प्रश्न तीनदा विचारून तिन्ही वेळा बरोबर ठरला असता. उत्तर देणारा मात्र शेजारी हवा होता.

यावर आक्षेप येतो की हे गावकीचं डोकं झालं. खेळ कौशल्यासाठी बघावा, खेळाडूचं गाव कशाला? असं म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जाऊन यावं. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशी संघांची नावंच मुळी पत्ते आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो, आणि प्रेक्षकाला खेळाडूचा पास कळण्याआधी त्याची गल्ली ठाऊक असते. त्याने खेळ कमी कळतो असं कुणी तिथे म्हणून दाखवावं. उलट, ज्याची गल्ली ठाऊक आहे त्याचा चुकलेला पास जास्त झोंबतो. तेव्हा मराठी बाबांना क्रिकेटपलीकडे काही कळत नाही, हा दुसरा आक्षेपही पंचगंगेतच सोडून देऊ.

तिसरा आक्षेप ऑफसाइडचा. बाबांना ऑफसाइड कळत नाही म्हणे. मुलाने आदल्या रात्री मीठदाणी, मिरपूड आणि दोन चमचे मांडून तो समजावलेला असतो. बाबा सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, “म्हणजे आधीच पुढे जाऊन उभं राहायचं नाही. रेशनच्या दुकानात हेच होतं की.” नियमाच्या पुस्तकात याहून जास्त शब्द आहेत, जास्त अर्थ आहे असं मला वाटत नाही. हां, १९५० साली अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून भारताने विश्वचषक सोडला, ही गोष्ट मात्र ते मध्यंतरात मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही सांगतात, आणि ती खरी नाही. प्रवास, निवड, सराव अशी कारणं फुटबॉल महासंघाने तेव्हा दिली होती, शिवाय ऑलिम्पिकपुढे त्या स्पर्धेला भारतात फारसं कुणी मोजत नव्हतं. इथे मी बाबांची बाजू घेत नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. ‘कुठला’ या प्रश्नाला ब्रॅम्पटनमध्ये एक उत्तर असतंच कुठे? २०२१च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेसहा लाखांवर गेली, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक मुळात आपल्या उपखंडातले. हॉयलेट ब्रॅम्पटनमध्ये जन्मला, पोरवयातच इंग्लंडला खेळायला गेला, जमैकाकडून खेळायचा रस्ताही त्याला मोकळा होता, आणि कॅनडाची जर्सी त्याने २०१५ साली अंगात घातली. मग तो कुठला? मुलाला वाटतं, इथे बाबा गारद होणार. पण हे सगळं मुलालाच गोंधळाचं वाटतं. बाबा रोज संध्याकाळी चिंगुआकुझी पार्कच्या बाकावर जालंधरच्या सरदारजींबरोबर बसतात. ‘मूळचे कुठले, आता कुठले आणि पोरं कुठे’ ही त्रिस्थळी यात्रा त्यांनी दहा मिनिटांत उरकलेली असते. माणसाचे तीन पत्ते असतात हे त्यांना पाठ आहे. ते स्वतः मूळचे कोकणातले, नोकरीपुरते डोंबिवलीचे, आणि सध्या मुलाच्या तळघरात.

म्हणूनच त्या मॅचमधला चौथा गोल खरा बाबांचा. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू जमैकाच्याच जाळ्यात गेला आणि ज्याच्या नावावर तो लागला ते नाव होतं एड्रियन मरिअप्पा. सगळं स्टेडियम कतारला निघालेलं, झेंडे, आरोळ्या, मुलगा खुर्चीवर उभा. आणि अशा वेळी हे नाव कानावर पडलेले बाबा काय करतील, हे सांगायला ज्योतिषी नको. “मरिअप्पा? अरे, हा तर हुबळीकडचा!” मुलगा फोनमध्ये बघून सांगेल की नाही हो बाबा, तो लंडनला जन्मला, जमैकाकडून खेळतो. बाबा मान हलवतील, माकडटोपी सारखी करतील आणि मैदानाकडे बघत म्हणतील, “असेल. पण घरी फोन करून आता काय सांगेल बिचारा?”