धक्क्यावरचा कानसेन

मिनेसोटात मेच्या अखेरीस मेमोरियल डेची सुट्टी आली, की हिवाळाभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या बोटी तळ्याच्या उतारावर रांग लावतात. त्याच सुमारास हाही उगवतो. वय साठीच्या पुढे, डोक्यावर स्पार्क प्लगची जाहिरात केलेली टोपी, मागच्या खिशात फट मोजायच्या पातळ पात्यांचं फीलर गेज. धक्क्यावरच्या बाकावर पाण्याकडे पाठ करून बसतो. तळ्याकडे बघायचं काय? तळं काही वाजत नाही.

इकडच्या बहुतेक तळ्यांवर असा एक कानसेन असतोच, आणि त्याला गिऱ्हाइकांची ददात नसते. कारण दरवर्षी कोणी ना कोणी पंचवीस-तीस वर्षांची इनबोर्ड स्की बोट स्वस्तात उचलतो. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेलं असतं, "या मॉडेलला एवढा आवाज असतोच." तो 'एवढा' म्हणजे केवढा, हे पैसे मोजून झाल्यावर कळतं. बायकोमुलं लाइफ जॅकेटं चढवून तयार असतात, इंजिन सुरू होतं, गिअर पडतो, आणि पत्र्याच्या डब्यात मूठभर नट घालून कोणी हलवावेत तसा खडखडाट बोटीच्या पोटातून येऊ लागतो.

लगेच चार माणसं जमतात.

"डँपर प्लेट गेली," पहिला म्हणतो.

"डँपर प्लेटच," दुसरा.

ही इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली स्प्रिंगांची चकती. इंजिनाचे हिसके ती स्वतः सोसते, पुढे जाऊ देत नाही. बदलायची तर गिअरबॉक्स उतरवा, बहुधा इंजिनही हलवा. हे निदान लोकांना इतकं का आवडतं? मला तरी एकच कारण दिसतं : खर्च दुसऱ्याचा असतो.

कानसेन जागचा हलत नाही. बसल्या बसल्या विचारतो, "न्यूट्रलला काय म्हणते?"

ते कोणीच बघितलेलं नसतं. मग तो सुस्कारा सोडून उठतो. न्यूट्रलमध्ये रेस वाढवूनही बोट थरथरली, तर दुखणं इंजिनाचं. गिअरमध्ये मंद चालीला खडखडली आणि जरा रेस दिल्यावर गप्प झाली, तर संशय डँपर प्लेटवर खरा. पण आधी आयडलिंग थोडं वर घेऊन बघायचं, त्याला पैसे पडत नाहीत. आणि वेग वाढेल तशी पायाखालची थरथर वाढत गेली, तर त्याचा चेहरा खुलतो. म्हणजे प्रॉपेलर, शाफ्ट नाहीतर शाफ्टला बुडाखाली धरणारा स्ट्रट. म्हणजे दुपार सार्थकी लागली!

बोट पुन्हा ट्रेलरवर चढते. मुलं लाइफ जॅकेटांसकट सँडविचं खाऊ लागतात. कानसेन आडवा होऊन बोटीखाली शिरतो आणि प्रॉपेलरच्या पात्यांच्या कडांवरून नख फिरवतो. टोक जरासं दुमडलेलं असलं तरी नख अडतं. शाफ्टला मासे धरायची दोरी गुंडाळली गेली आहे का, ते बघतो. मग प्रॉपेलर दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवतो. खटखट झाली, तर स्ट्रटमधलं कटलेस बेअरिंग झिजलंय. पितळी नळी, आत रबर, आणि वंगण म्हणून तळ्याचंच पाणी. त्यामुळे कोणी ट्रेलरवर कोरडीच बोट गिअरमध्ये टाकून दाखवू लागला, की एरवी शांत असलेला हा गृहस्थ अशा काही शिव्या देतो, की आया मुलांना दूर नेतात.

खरी समाधी लागते ती कपलिंगपाशी. त्यासाठी बोट परत पाण्यात, कारण ट्रेलरवर बूड वेगळं बसतं, पाण्यात वेगळं. बोल्ट काढायचे, गिअरबॉक्सची तबकडी आणि शाफ्टची तबकडी एकमेकींना नुसत्या टेकवायच्या आणि फटीत चारी बाजूंनी गेजची पाती सरकवून बघायची. इंचाचे तीन हजारांश, साध्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, एवढाच फरक चालतो. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजायचं. फट शाफ्टबरोबर फिरली, तर शाफ्ट किंवा त्याची तबकडी वाकडी. फट जागच्या जागी राहिली, तर इंजिन आपल्या पायांवर सरकलंय; माउंटचे नट फिरवून जागेवर आणता येतं. हे तो कुजबुजत सांगतो. मोठ्याने बोललं तर फट बदलेल, अशी त्याला भीती वाटत असावी.

वॉटर स्कीइंगचा खेळ जन्मला याच राज्यात. १९२२ साली लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने पायांना दोन फळ्या बांधल्या आणि भावाच्या बोटीमागे पाण्यावर उभा राहिला. कानसेनची त्यावर जुनी तक्रार आहे. "सगळे फळ्यांचं कौतुक करतात. बोटीत ट्रकचं इंजिन बसवलं होतं, ते कसं वाजत होतं हे एकानेही लिहून ठेवलेलं नाही!"

परवा एका पुणेकर मित्राची बोट अशीच मार्गी लागली. इंजिनाचा मागचा पाय बसला होता, तेवढंच. उन्हं कलताना त्याची मुलगी एकदाची पाण्यात उतरली. स्कीवाल्यावर नजर ठेवायला बोटीत दुसरा माणूस हवा, नाहीतर मागचं दाखवणारा आरसा, असा इथला कायदा आहे. आरसा नव्हता, म्हणून कानसेनला बसवलं. तोंड मागे करून, एक तळवा इंजिनाच्या खोक्यावर ठेवून, डोळे मिटून तो बसला. मित्र समोर बघत ताशी तीस मैलांनी निघाला.

बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली. पंचाहत्तर फुटी दोरीचं हँडल एकटंच पाण्यावर उड्या मारत येत होतं आणि लांब मागे एक हात हलत होता.

"अहो, पडली ना ती!"

कानसेनने तळवा उचलला नाही. "ते मला केव्हाच कळलंय. ओढ सुटली तेव्हाच आवाज बदलला. आता लगेच वळवू नकोस, अर्धा मैल असाच सरळ चल."