‘सध्या काय वाचताय?’ आणि आजरा

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न इतर गावांत निरुपद्रवी असेल. आमच्या आजऱ्यात तो विचारू नये. ३१ ऑगस्ट १९४० रोजी शिवाजी सावंत इथे जन्मले आणि त्या एका घटनेने आम्हा बाकीच्यांची वाचनातून सुटका झाली. ‘मृत्युंजय’चा लेखक आम्ही पुरवायचा आणि वर ती जाडजूड कादंबरी वाचायचीही आम्हीच? इतर तालुक्यांनी थोडा भार उचलावा.

तरीही कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं आहे. ‘मृत्युंजय परत वाचायलोय.’ परत! ती पहिल्यांदा वाचणारा आजरेकर मला अजून भेटायचा आहे. १९६७ साली पुस्तक आलं, तेव्हाही गावाने ते दुसऱ्यांदाच वाचायला घेतलं असावं. ‘कुठवर आलाय?’ असं पुढे विचारलं की माणूस क्षणभर डोंगराकडे बघतो आणि म्हणतो, ‘कर्णाचं चाललंय.’ या उत्तरात कुणाला पकडता येत नाही. कादंबरीचे भाग नऊ, त्यांतले चार एकटा कर्ण बोलतो, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण ही मंडळी उरलेल्या पाचांतही त्याच्याचबद्दल बोलतात. इतकी सोय लेखकाने जाणूनबुजून केली असेल असं वाटत नाही, पण गावाला ती लागू पडली.

चंदगडचा पाहुणा आला की प्रकरण चिघळतं. ‘स्वामी’कार रणजित देसाई त्यांच्या कोवाडचे. मग ‘स्वामी’ विरुद्ध ‘मृत्युंजय’ असा सामना रंगतो आणि त्यात एकाही पात्राचं नाव निघत नाही. त्यांच्याकडे साहित्य अकादमी पुरस्कार, आमच्याकडे मूर्तिदेवी, म्हणजे बरोबरी, एवढं ठरलं की मंडळी जेवायला बसतात. घनसाळचा भात वाढला की साहित्याचा विषय कुणी काढत नाही.

२०२५ मध्ये सावंतांचा ‘छावा’ पडद्यावर आला आणि वाचनाचा वेग कमालीचा वाढला. १९७९ची ती कादंबरी लोक आता पावणेतीन तासांत संपवतात, मध्यंतरातल्या वड्यासकट. ‘वाचलीस का?’ म्हटल्यावर ‘परवाच, गडहिंग्लजला’ असं उत्तर मिळतं.

पोरांचं वेगळं. १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी सगळा वर्ग त्यांचं ‘अग्निपंख’ वाचत असतो, एकाच प्रतीतून. फोटो निघाला की पुस्तकं मोजून कपाटात जातात आणि किल्ली गुरुजींच्या खिशात.

पण खरा जाच ‘सध्या’ या शब्दाचा आहे. ‘सध्या वाचायलोय’ म्हणणाऱ्याकडून पुस्तक परत मागता येत नाही. कसेल त्याची जमीन हे आपण मान्य केलं, आता वाचेल त्याचं पुस्तक. आणि ‘वाचेल’ हा भविष्यकाळ आहे, हे कुळाला पक्कं ठाऊक असतं. दरम्यान पावसाळा येतो. जून ते सप्टेंबर आजऱ्यात पुस्तकं न लिहिताच जाड होतात. बांधणी फुगते, पानांना पाठीला पाठ लावून झोपायची सवय लागते आणि मुखपृष्ठावर हिरवट बुरशी धरते. अशा पुस्तकाबद्दल ‘जपून ठेवलंय बघा’ असं सांगितलं जातं.

सावंतांच्याच ‘युगंधर’ची माझी प्रत अशाच एका सद्गृहस्थांकडे कैक पावसाळे वाचनात आहे. मध्यंतरी धीर करून मागायला गेलो. त्यांनी बसवून घेतलं, चहा दिला, नव्या हंगामातले काजू पुढे केले आणि कृष्णाच्या राजकारणावर तासभर बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. त्यातलं निम्मं पुस्तकात नाही. उठता उठता मी विषय काढला तर म्हणाले, ‘देतो की. कुठं पळून चाललंय? पण सध्या आमच्या उत्तूरच्या व्याह्यांनी वाचायला नेलंय.’