जडसंग्रहातला चेंडू

रेवसच्या धक्क्यावर ओहोटी लागली की नुसता गाळ उरतो आणि लाँच टेकत नाही. अशा गाळात परवा माझा भाचा गुडघाभर उतरला. एका पिवळ्या चेंडूसाठी.

चेंडू ऑफिसचा. कुठलं ऑफिस ते विचारू नका, तुमचंही असेल. कंत्राटी माणसांना ताण येतो असं साहेबांच्या कानावर गेलं, म्हणून कार्यशाळा झाली. विषय, मानसिक भांडवल. खरं भांडवल मालकाकडे, मानसिक तेवढं नोकराकडे, वाटणी चोख. या भांडवलाचे घटक चार : आशा, आत्मविश्वास, चिवटपणा, आशावाद. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'हीरो' होतो. आशा आणि आशावाद वेगळे कसे, असं भाच्याने विचारलं. मॅडम "छान प्रश्न!" म्हणाल्या आणि चेंडू वाटायला घेतले. दाबायचा, ताण उतरतो.

पण सही करून. चेंडू जडसंग्रह नोंदवहीत चढला आहे, कपाट आणि पंख्याच्या पंक्तीला. हरवला तर खुलासा, फुटला तर निर्लेखनाचा प्रस्ताव, वर समितीच्या तीन सह्या. भाच्याचं नाव सात वर्षांत कुठल्याही नोंदवहीत चढलेलं नाही. त्याचा पगार सादिलवार खर्चातून निघतो, फिनेल आणि झाडूबरोबर. चेंडूला काढायला समिती बसते. भाच्याला काढायला कुणी उठतही नाही. अकरा महिने भरले की ऑर्डर आपली आपण संपते, मग एक दिवस ब्रेक, मग पुन्हा "बघू". थोडक्यात, चेंडू विनापरीक्षा पर्मनंट झाला. उद्या एखाद्या मुलीच्या बापाने दोघांची चौकशी केली, तर स्थळ म्हणून चेंडूच उजवा ठरेल.

आणि या माणसाला तुम्ही चिवटपणा शिकवता? 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत मुदतीच्या नोकराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी आहे. वर्ष बारा महिन्यांचं, ऑर्डर अकराची. तो बारावा महिना कुणाच्या खिशात जातो यावर कार्यशाळा ठेवा, मी पदरचं तिकीट काढून येतो. माणसाला उद्याचा दिवस द्यायचा नाही, आणि त्याचा चेहरा पडला की दोष त्याच्या मनाचा! पगार वेळेवर द्या, ऑर्डर लेखी द्या, चेंडूतला स्पंज तुमच्या सोफ्यात भरा.

लाँच कधी लागेल, असं धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं. त्यांनी तिथी विचारली, तिची पाऊणपट केली आणि भरतीची वेळ सांगून टाकली. एवढा समुद्र, पण वेळ सांगून येतो. भाच्याच्या ऑर्डरची वेळ विचारली तर उत्तर एकच : फाइल वर आहे.

भाचा चेंडू घेऊन वर आला. पँट गेली होती. "जाऊ दे ना रे तो," मी म्हटलं.

"मामा, पगारातून कापतील."

एकतीस तारखेला त्याची ऑर्डर संपते. चेंडू त्याआधी जमा करायचा आहे. धुऊन.