‘ऑलरेडी’ कसं वापरावं : गोरेगावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

साहित्य : एक मोबाइल, थोडा उशीर आणि स्टेशनवर ताटकळणारा एक मित्र.

शब्दकोशात ऑलरेडी म्हणजे आधीच, अगोदरच. हा अर्थ परीक्षेपुरता ठीक आहे. गोरेगावात तो शब्द अजून न झालेल्या, पण एव्हाना व्हायला हवी होती अशा कामांना लावतात. ‘मी ऑलरेडी निघालोय’ म्हणजे अंघोळ व्हायची आहे. ‘ऑलरेडी ट्रेनमध्ये आहे’ म्हणजे रिक्षा सिग्नलला उभी आहे. ‘ऑलरेडी पोचलोय’ म्हणजे आत्ता कुठे ट्रेन मिळाली. नियम सोपा : जिथे आहात त्याच्या एक टप्पा पुढचं सांगायचं. दोन टप्पे पुढचं सांगायला सराव लागतो, नवशिक्यांनी त्या भानगडीत पडू नये.

शब्द क्रियापदाच्या आधी ठेवा. ‘निघालोय ऑलरेडी’ असा शेवटी टाकला तर त्यात वैताग येतो. दुसऱ्यांदा फोन आला की मगच तसा टाकावा.

‘आधीच’ का चालत नाही, असं कोणी विचारेल. ‘मी आधीच निघालो’ म्हटलं की समोरचा रुसतो, मला सोडून गेलास म्हणून. शिवाय ‘आधीच’ला जन्मजात कुरकुरीची खोड आहे, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ‘केव्हाच निघालो’ म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला : केव्हा? ऑलरेडीला वेळ विचारायची पद्धत नाही. आणि इंग्रजीवर सगळं खापर फोडू नका. पांघरुणातून ‘हा काय, आलोच!’ म्हणणारे आपले आजोबा कुठल्या कॉन्व्हेंटात गेले होते? न घडलेलं भूतकाळात सांगायची सोय मराठीने त्या ‘च’मध्ये करून ठेवलीच होती. ऑलरेडीने तिला फक्त ऑफिसचे कपडे चढवले.

धोक्याची सूचना : लोकलमधून बोलताना घोषणेकडे कान ठेवा. ‘ऑलरेडी राम मंदिरला आहे’ म्हणताय आणि मागून ‘पुढील स्टेशन वांद्रे’ आलं, की संपलं. घोषणेतली बाई तेच तीन भाषांत सांगते, त्यामुळे खोकून भागत नाही. डिसेंबर 2016 मध्ये राम मंदिर स्टेशन सुरू झालं आणि जोगेश्वरी-गोरेगावच्या मध्ये थाप मारायला एक हक्काची जागा वाढली, एवढं मात्र मान्य करायला हवं.

घरं विकणाऱ्यांचा ऑलरेडी वरच्या इयत्तेचा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता 12.2 किलोमीटरचा, त्यातल्या जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन 13 जुलै 2024 ला इथल्याच नेस्को प्रदर्शन केंद्रात झालं. पण सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत उभं केलं की विकणारा पोरगा डोंगराकडे हात करून म्हणतो, ‘सर, मुलुंड तर ऑलरेडी जवळ आलंय.’ मान डोलवा, सही करू नका.

सिद्धार्थनगरच्या पत्रा चाळीतल्या कोणाशी बोलताना मात्र हा शब्द तोंडातून काढू नका. 2008 साली पुनर्विकासाचा करार झाला, 672 कुटुंबांनी घरं रिकामी केली आणि भाड्याच्या खोल्यांत वर्षांमागून वर्षं काढली. त्यांची ‘लवकरच’पासून सगळी क्रियाविशेषणं ऐकून झाली आहेत.

आता प्रात्यक्षिक. जवाहरनगरात एखाद्या काकूंकडे बरोबर साडेबाराला जा आणि ‘मी ऑलरेडी जेवून आलोय’ म्हणा. काकू स्वयंपाकघरातूनच ओरडतील, ‘अरे, मी ऑलरेडी वाढलंय!’ ताट अजून मांडणीवर असेल, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असेल. वाद घालू नका. हात धुवा आणि बसा.